ज्वालामुखीचे आकार उद्रेकातूनच घडवताना: कामाच्या नोंदी

४ मार्च

टेबलावर मांडता येतील अशी ज्वालामुखींची चालती मॉडेल्स करायला आज सुरुवात केली. अट एकच: डोंगर हाताने थापायचा नाही. फळीच्या भोकातून जे बाहेर येईल त्यानेच तो उभा राहिला पाहिजे.

मातीचा तयार शंकू करून त्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतले की पाहणाऱ्याच्या मनात आधी डोंगर आणि मग उद्रेक असा क्रम बसतो. खरा क्रम उलटा आहे. आजवर बाहेर पडलेल्या लाव्ह्याचा, राखेचा आणि दगडांचा जो ढीग साचतो तोच डोंगर. सोडा-व्हिनेगरची दुसरी अडचण अशी की त्यातला वायू मुखापाशीच रासायनिक क्रियेने तयार होतो. जमिनीखालच्या शिलारसात मात्र पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड हे वायू आधीपासून विरघळलेले असतात. वरचा दाब त्यांना धरून ठेवतो. दाब उतरला की ते सुटतात. हा मुद्दा दाखवता आला नाही तर बाकी सगळे नुसते फेसाळणे होते.

साहित्य: ६० सेंटीमीटर चौरस प्लायवूड, मधोमध भोक, खालून नळी जोडायला पाय. पाय सुरुवातीला बुटके ठेवले होते, त्यामुळे नळी वळताना मुडपली आणि दुसऱ्या कशालाही हात घालण्याआधी पाय बदलावे लागले. फळीखाली किमान ३० सेंटीमीटर मोकळी जागा लागतेच. फळीला आधी तेलरंगाचे दोन हात द्या. न रंगवलेले प्लायवूड ओल्या प्लास्टरमुळे फुगते.

७ मार्च

आज फक्त दाटपणाची चाचणी. बेकरीवाले वापरतात ते लिक्विड ग्लुकोज तिरक्या फळीवर सोडले. एक भाग गरम, एक थंड, एक थंड आणि त्यात बारीक वाळू मिसळलेला. गरम भाग क्षणात फळीच्या टोकाला पोहोचला, थंड भाग सावकाश आला, वाळूचा भाग मध्येच जाड जीभ काढून थांबला.

वाळू घालण्यामागचे कारण सांगतो. शिलारस निवत जातो तसे त्यात स्फटिक तयार होतात. स्फटिकांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले की तो वाहायचाच थांबतो. तापमान, सिलिका आणि स्फटिक या तिन्ही गोष्टी मिळून दाटपणा ठरतो. बेसाल्टच्या लाव्ह्यात सिलिका सुमारे ५० टक्के आणि तापमान १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस. रायोलाइटमध्ये सिलिका ७० टक्क्यांच्या पुढे आणि तापमान ७०० ते ८५० अंशांच्या घरात. दोघांच्या दाटपणात लाखो पटींचा फरक पडतो.

मग प्रत्येक भांड्यात नळीने हवा फुंकली. पातळ ग्लुकोजमधून बुडबुडे मुकाट वर येऊन फुटले. दाट ग्लुकोजमध्ये मोठा बुडबुडा तयार व्हायला वेळ लागला आणि फुटताना त्याने शिंतोडे उडवले. इटलीच्या स्ट्रॉम्बोली बेटावर दोन हजारांहून जास्त वर्षे जवळपास अखंड हेच चालू आहे: वायूचा मोठा बुडबुडा नळीतून वर येतो, फुटतो, लाल तुकडे उडतात, थोडी उसंत, पुन्हा पुढचा. या पद्धतीच्या उद्रेकाला त्या बेटाचेच नाव मिळाले आहे. गॉगल घाला. दाट ग्लुकोज डोळ्याजवळ उडाले होते.

११ मार्च

पहिले मॉडेल शील्ड ज्वालामुखीचे, म्हणजे पातळ लाव्ह्याच्या थरांनी झालेल्या, पालथ्या ढालीसारख्या पसरट डोंगराचे. पातळ प्लास्टर ऑफ पॅरिस सिरिंजने खालून वर ढकलायचे, पसरू द्यायचे, वाळू द्यायचे, पुढचा थर वेगळ्या रंगाचा.

प्लास्टर नळीतच घट्ट झाले. नळी कापून टाकावी लागली, नवी जोडली, तीही गेली. शेवटी प्लास्टरच्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड घातले. त्याने प्लास्टर उशिरा धरते आणि सिरिंज रिकामी करून नळी पाण्याने धुवायला पुरेसा वेळ मिळतो. ॲसिड जास्त झाले तर मात्र थर ठिसूळ राहतो. आधी वाटीत थोडेसे करून पाहा, मगच मोठा घाणा कालवा. आणि कालवलेले प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका, पाइप कायमचा बसतो. उरलेले कागदावर ओतून सुकू द्या आणि कचऱ्यात टाका.

१६ मार्च

शील्डचे थर चढले, पण समोरून पाहिले तर डोंगर दिसतच नाही. ६० सेंटीमीटर रुंदीला मधोमध जेमतेम अडीच सेंटीमीटर उंची. उतार मोजला, पाच अंशांच्या आसपास. क्षणभर प्लास्टर दाट करून उंची वाढवावी असे मनात आले, पण तसे करणे म्हणजे मॉडेलचा जीवच काढून घेणे. हवाईमधल्या मौना लोआची उंची समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर आहे, समुद्रतळापासून मोजली तर नऊ किलोमीटरच्या घरात जाते, आणि तरी त्याचे उतार बहुतेक ठिकाणी दहा अंशांच्या आत आहेत. इतका प्रचंड डोंगर इतका सपाट का, हे पाहणाऱ्याला विचारावेसे वाटले पाहिजे. उंची तशीच ठेवली आणि शेजारी त्याच रुंदीच्या पायाचा तीव्र उताराचा शंकू एका पुठ्ठ्यावर रेघेने काढून उभा केला. तुलना मिळाली की सपाटपणाच नजरेत भरतो.

एक गोष्ट मात्र खरोखर चुकली होती. मधोमध गोल भोक ठेवल्यामुळे मॉडेल अगदी गोल झाले. मौना लोआ लांबट आहे, कारण त्याचा लाव्हा शिखराबरोबरच दोन्ही बाजूंच्या लांब भेगांच्या पट्ट्यांतूनही येतो. त्या भेगा तशा का पडतात हे कळल्याशिवाय पुढचे भोक पाडायचे नाही असे ठरवले.

१९ मार्च

त्यासाठी जिलेटिन. लिटरभर पाण्याला ३० ग्रॅम घेतले, लांबट साच्यात ओतले, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले, सकाळी भोके असलेल्या फळीवर पालथे केले. खालून सुईने रंगीत पाणी हळूहळू आत सोडले.

पहिला गोळा सुई लागताच फाटला. साच्यातून काढताना तो खालून ओला राहिला होता आणि पाणी फळी व जिलेटिनच्या मधून बाहेर पळत होते. दुसऱ्या वेळी तळ टिपकागदाने कोरडा केला आणि सुई दोन सेंटीमीटर आत नेऊन मगच पिस्टन दाबला. पाणी फ्रिजमधले थंड घ्या. कोमट पाण्याने जिलेटिन विरघळून खड्डा होतो, चीर पडत नाही.

मग जे दिसले ते या सगळ्या कामातले माझे सर्वांत आवडते दृश्य आहे. पाणी नळीसारखे सरळ वर गेले नाही. ते पात्यासारखे उभे, पातळ, पसरट होऊन चिरत वर गेले आणि पृष्ठभागावर एका रेघेत फुटले. ती रेघ गोळ्याच्या लांबीच्या दिशेनेच होती. कारण सरळ आहे: लांबट उंचवट्याला दोन्ही अंगांनी आधार नसतो, त्यामुळे तो आडवा पसरायला पाहतो आणि चीर लांबीला धरून उघडते. शिलारसही असाच खडक फाडत वर येतो. या भिंतीसारख्या चिरेत तो थिजला की तिला डाइक म्हणतात.

२०१८ साली हवाईमधल्याच किलाउएआ ज्वालामुखीवर शिलारस अशाच मार्गाने भूमिगत वाट काढत पूर्वेकडे गेला आणि शिखरापासून दूर, वस्तीत, २४ भेगा उघडल्या. ७०० हून अधिक घरे गेली. मुख एक आणि ते शिखरावरच, असे समजणाऱ्याला ही घटना कळणारच नाही.

२४ मार्च

शील्डची नवी फळी: गोल भोकाऐवजी लांब फट आणि तिच्या खाली दोन नळ्या. आकार लांबट आला. हेच मॉडेल, फक्त फट फळीभर वाढवून आणि थर जाड देऊन, भेगी उद्रेकासाठी वापरले. त्यात डोंगर होतच नाही, पठार होते. आइसलँडमधल्या लाकीची भेग सुमारे २७ किलोमीटर लांब आणि १७८३-८४ मध्ये तिच्यातून आठ महिने लाव्हा येत होता. स्फोटाने थेट फारसे कोणी मेले नाही. वायूंनी गवत विषारी झाले, जनावरे गेली आणि त्यामागून आलेल्या दुष्काळात देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसे गेली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसाल्टही थरावर थर चढत असाच पसरला. मॉडेलमध्ये थरांच्या कडा मुद्दाम कापून उघड्या ठेवल्या.

३० मार्च

सिंडर शंकू, म्हणजे उडालेल्या सुट्या खड्यांचा ढीग. सगळ्यात सोपा वाटलेला आणि सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला.

कल्पना अशी: उभ्या नळीत वाळू, खालून पंपाची हवा, वाळू उडून भोवती पडेल आणि शंकू तयार होईल. कोरड्या बारीक वाळूने सुरुवात केली. वाळू खोलीभर झाली, फळीवर काहीच साचले नाही. पंप हळू चालवला तर हवा वाळूतून बुडबुडत निघून गेली. वाळूचे नरसाळे वायच्या आकाराच्या जोडाने नळीला लावले तर हवा वर जायच्या ऐवजी नरसाळ्यातूनच परत येऊ लागली आणि वाळू तोंडावर उडाली.

उपाय तीन टप्प्यांत सापडला. एक, बारीक वाळू सोडून एक-दोन मिलिमीटरचे खडे घेतले. बारीक कण हवेबरोबर भटकतात, जाड कण मुखाजवळ पडतात. दोन, नरसाळ्याच्या नळीला चिमटा लावला. आधी वाळू सोडायची, चिमटा बंद करायचा, मगच पंपाचा एकच ठोसा द्यायचा. तीन, सतत हवा न देता ठोशांमध्ये थांबायचे. मुखात परत घसरलेले खडे पुढच्या ठोशाला पुन्हा उडतात. खऱ्या शंकूतही असेच होते, तोच तुकडा अनेकदा उडतो आणि गोलटतो.

मग शंकू डोळ्यांदेखत वाढू लागला. काही काळ उतार वाढत गेला आणि ३३ अंशांच्या आसपास थांबला. त्यापुढे कितीही टाका, खडे घसरून पाया रुंद होतो, उतार तोच राहतो. सुट्या कणांचा हा नैसर्गिक कोन आहे, म्हणूनच जगभरचे सिंडर शंकू एकाच घडणीचे दिसतात. एका बाजूला पंखा लावून पाहिले: वारा ज्या दिशेला जात होता तिकडची कड उंच झाली. शंकूकडे बघून उद्रेकाच्या वेळचा वारा सांगता येतो तो असा.

याच मॉडेलशेजारी पारिकुतीनची माहिती लावणार आहे. २० फेब्रुवारी १९४३ रोजी मेक्सिकोत दिओनिसिओ पुलिदो या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन चिरली आणि त्याच्यासमोर ज्वालामुखी जन्मला. वर्षभरात तो ३०० मीटरहून उंच झाला, १९५२ मध्ये थांबला तेव्हा ४२४ मीटरवर होता. परत कधी जागा झाला नाही. बहुतेक सिंडर शंकूंचे आयुष्य असे एकदाचेच असते.

५ एप्रिल

सिंडर शंकूच्या मुखातून पातळ प्लास्टर काढायचा प्रयत्न केला. मुख भरायच्या आतच ते बाजूच्या सुट्या खड्यांतून झिरपले आणि पायथ्याशी बाहेर आले. मॉडेल बिघडले असे समजून ते मोडायला निघालो होतो, पण पारिकुतीनचा लाव्हाही शंकूच्या पायथ्यापासूनच वाहिला होता. सुट्या दगडांचा ढीग लाव्ह्याचा भार मुखापर्यंत पेलू शकत नाही. तो पायथ्याचा ओघळ तसाच जपून ठेवला.

९ एप्रिल

स्ट्रॅटो ज्वालामुखी, म्हणजे जपानचा फुजी, इटलीचा व्हेसुव्हियस, अमेरिकेतला सेंट हेलेन्स यांचा प्रकार. खडे आणि लाव्हा आलटून पालटून. दोन्ही यंत्रणा तयार असल्यामुळे हे लवकर उरकेल असा अंदाज होता.

एकाच नळीतून दोन्ही काढणे अशक्य आहे. प्लास्टरचा ओलावा नळीत राहतो, पुढच्या फेरीचे खडे तिथे चिकटतात, नळी बसते. दोन स्वतंत्र नळ्या शेजारी शेजारी लावल्या. पुढची अडचण: कोरडे खडे प्लास्टरमधले पाणी शोषून घेतात आणि ओघळ मुखापासून चार बोटांवरच थिजतो. प्रत्येक ओघळाआधी उतारावर पाण्याचा बारीक फवारा मारला तेव्हा तो खालपर्यंत गेला. प्लास्टरही शील्डपेक्षा दाट घेतले, कारण या डोंगरांचा लाव्हा बहुधा अँडेसाइट असतो, बेसाल्टइतका पातळ नसतो.

सगळ्यात महागात पडली ती कापणी. आतले थर दिसावेत म्हणून सुकलेला डोंगर करवतीने कापला तर खड्यांचे थर ढासळले आणि प्लास्टरच्या फळ्या तेवढ्या उरल्या. सगळे साहित्य वाया, सुकवण्यात गेलेला वेळही वाया.

१५ एप्रिल

कापायचेच नाही असे ठरवले. ॲक्रिलिकची जाड काच फळीवर उभी करून नळ्या तिला चिकटवल्या. आता अर्धाच डोंगर तयार होतो आणि त्याचा छेद काचेतून पहिल्या थरापासून दिसत राहतो. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी. काचेला आतून थोडे तेल लावा, नाहीतर प्लास्टरचे पाणी ओघळून छेद पांढरा पडतो.

छेदात जे दिसते ते शब्दांत सांगण्याची गरज पडत नाही. वरच्या भागात खडे जास्त, उतार तीव्र. पायथ्याकडे लांब ओघळ आणि घरंगळलेला माल, उतार मंद. फुजीची जी सुंदर अंतर्गोल रेषा दिसते ती यातूनच येते. लाव्ह्याच्या थरांनी सुटे खडे बांधून धरल्यामुळे हा डोंगर सिंडर शंकूच्या कितीतरी पट उंच होऊ शकतो. फुजीची उंची ३,७७६ मीटर आहे.

२१ एप्रिल

वायूचे मॉडेल. बंद बाटलीत कोरडा बर्फ किंवा द्रव नायट्रोजन कोंडून स्फोट घडवण्याच्या कृती फिरत असतात. त्या करू नका. बाटली कधी फुटेल हे कोणाच्याच हातात नसते आणि डोळे, बोटे गेलेली परत येत नाहीत.

मी केले ते असे. जाड सिरिंजमध्ये थंड सोडावॉटर भरले, हवा काढून टाकली, तोंड बंद केले आणि पिस्टन मागे ओढला. काहीही न मिसळता, न तापवता संपूर्ण द्रवात बुडबुडे उगवले. पिस्टन सोडला की ते आकसले. दाब कमी होणे एवढेच कारण, आणि ते पाहणाऱ्याच्या स्वतःच्या हातात आहे. मुलांच्या हाती द्यायला याहून चांगले काही मला सुचलेले नाही.

मग सोडावॉटर ग्लुकोजमध्ये मिसळायचे होते. ढवळतानाच वायू निघून गेला. ग्लुकोज थोड्या थंड पाण्यात आधी सैल करून घेतले, दोन्ही फ्रिजमध्ये अगदी गार केले आणि काठाने हळू ओतले तेव्हा बराच वायू टिकला. आता पिस्टन ओढला की बुडबुडे निसटत नाहीत, सगळा द्रव फेस होऊन फुगतो आणि नळीतून बाहेर येतो. दाट शिलारसात अडकलेला वायू असाच त्याला फुगवतो. फेसात वायूचा वाटा साधारण तीन-चतुर्थांशाच्या आसपास गेला की बुडबुड्यांमधल्या भिंती फाटतात आणि द्रवात वायू याऐवजी वायूत कण अशी अवस्था होते. फेस तसाच थिजला तर प्युमिस हा सच्छिद्र, हलका दगड, फाटला तर राख.

१८ मे १९८० रोजी सेंट हेलेन्सवर झाले ते या पिस्टनचेच मोठे रूप. आत घुसलेल्या शिलारसाने डोंगराची उत्तरेची बाजू आठवड्यांपासून रोज दीड-दोन मीटर बाहेर ढकलली होती. सकाळी ८:३२ ला भूकंपाने ती बाजू घसरली, आतल्या वायूंवरचा भार एका झटक्यात गेला आणि स्फोट आडवा बाहेर पडला. ५७ माणसे गेली आणि डोंगर सुमारे ४०० मीटरने बुटका झाला.

२६ एप्रिल

राखेच्या स्तंभासाठी काचेची टाकी. खालच्या अर्ध्या भागात मिठाचे पाणी, लिटरला ३० ग्रॅम मीठ; वर गोडे पाणी. तळाच्या नळीतून रंगीत गोडे पाणी वर सोडायचे.

गोडे पाणी वरून ओतले की दोन्ही मिसळत होते. पाण्यावर पातळ स्पंज तरंगत ठेवला आणि त्यावर थेंबाथेंबाने ओतले तेव्हा थर टिकले. याला धीर लागतो, टाकी भरायला प्रयोगापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.

रंगीत पाणी वर चढले, आजूबाजूचे पाणी ओढत रुंद झाले, दोन थरांच्या सीमेवर थोडे वर उसळून थबकले आणि चहूबाजूंनी छत्रीसारखे पसरले. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा ढग पाहून रोमन लेखक धाकट्या प्लिनीने त्याला पाइन वृक्षाची उपमा दिली होती: उंच खोड आणि वर फांद्या. टाकीत तोच ढग उभा राहिला. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समधल्या पिनातुबोचा स्तंभ ३५ किलोमीटरच्या आसपास गेला होता.

पुढे टाकीत फक्त गोडे पाणी भरले आणि नळीतून जड, खारे रंगीत पाणी जोराने वर मारले. ते कारंज्यासारखे थोडे चढले, थांबले, स्वतःभोवतीच कोसळले आणि तळाला धरून भिंतीपर्यंत धावले. पाहताना अंगावर काटा आला, कारण माणसे मारतो तो हाच लोंढा. तप्त राख, दगड आणि वायूंचे हे मिश्रण शेकडो अंश तापमानाचे असते आणि उतारावरून ताशी शंभर किलोमीटरहूनही वेगाने येऊ शकते. त्याला पायरोक्लास्टिक प्रवाह म्हणतात. ८ मे १९०२ ला कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर पेले ज्वालामुखीच्या अशाच लोंढ्याने काही मिनिटांत सेंट-पियेर शहर संपवले. सुमारे २८,००० माणसे.

या मॉडेलची मर्यादा पाटीवर लिहिणार आहे. खरा स्तंभ मुखाशी हवेपेक्षा जड असतो. वर जाताना तो हवा ओढून घेतो, ती तापते, फुगते आणि त्यामुळे तो हलका होऊन तरंगू लागतो. पुरेशी हवा मिळाली नाही तर कोसळतो. एकाच उद्रेकात काही तास स्तंभ, मग कोसळणे, असे दोन्ही होते. माझ्या पाण्यात जडाचे हलके होत नाही, म्हणून दोन वेगळे प्रयोग करावे लागतात.

२ मे

लाव्हा घुमट. तोंड कापलेल्या सिरिंजमधून कुंभाराची घट्ट माती वर ढकलली. टूथपेस्टसारखी सरळ वर आली आणि वाकली, घुमट होईना. वरून केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली तेव्हा कवच धरले. मग प्रत्येक ढकलण्याला कवचाला भेगा पडू लागल्या, तुकडे घसरून पायथ्याशी साचू लागले, आत मऊ आणि बाहेर खडबडीत घुमट झाला. पेलेवर १९०२ च्या आपत्तीनंतर घुमटातून दगडाचा सुळका निघाला आणि ३०० मीटरहून उंच चढून ढासळला. असे घुमट दिसायला शांत असतात, पण ढासळला की आतला तप्त माल लोंढा होऊन सुटतो. ३ जून १९९१ ला जपानमध्ये उनझेनच्या घुमटापासून सुटलेल्या लोंढ्यात ४३ जण गेले. मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे ज्वालामुखींमागे आयुष्य घातलेले दांपत्य त्यांतच होते, आणि ज्वालामुखीतज्ज्ञ हॅरी ग्लिकनही.

७ मे

कॅल्डेरा, म्हणजे ज्वालामुखीच्या माथ्यावरचा प्रचंड खड्डा. वाळूत पुरलेला फुगा, नळीने फुगवायचा आणि हवा हळूहळू सोडायची. कोरड्या वाळूत फक्त उथळ खळगा झाला, कडे नाहीत. वाळूत दहावा हिस्सा मैदा मिसळला. मग जमीन कडा धरून खचली, गोल तडे पडले, आतला तुकडा जवळपास अखंड खाली गेला. फुगा खोल पुरला की तडे धूसर होतात, उथळ पुरला की कडे सरळ येतात. मैद्याची धूळ हवेत पेट घेऊ शकते, जवळ ज्योत ठेवू नका.

शिखर स्फोटाने उडून गेले आणि खड्डा राहिला, असे बहुतेकांना वाटते. कॅल्डेरा मुख्यतः खचून तयार होतो: शिलारसाचे खालचे कोठार रिकामे झाले की छत आधार सोडते. अमेरिकेत ओरेगॉनच्या क्रेटर लेकबद्दल भूवैज्ञानिक हॉवेल विल्यम्स यांनी १९४० च्या दशकात हेच मांडले. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा पर्वत खचला आणि तिथे आज ५९४ मीटर खोल तळे आहे. पिनातुबोचा कॅल्डेरा अडीच किलोमीटर रुंद, इंडोनेशियातल्या तांबोराचा १८१५ चा सुमारे सहा.

११ मे

पाणी आणि लाव्हा भेटल्यावर होणारा उद्रेक, १९६३ मध्ये आइसलँडजवळ समुद्रातून सुर्त्से बेट उभे करणारा, सोडून दिला. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,७०० पटींनी वाढते. ते टेबलावर सुरक्षितपणे दाखवायचा मार्ग मला सापडला नाही.

त्याऐवजी जुन्या स्ट्रॅटो मॉडेलच्या उतारावर बारीक राख पसरून शिखराकडून पाणी सोडले. पातळ चिखल ओढ्यांच्या वाटा धरून थेट फळीच्या कडेला मांडलेल्या घरांपर्यंत गेला, उतार सोडल्यानंतरही. १३ नोव्हेंबर १९८५ ला कोलंबियात नेवादो देल रुइसचा उद्रेक मोठा नव्हता. त्याने शिखरावरचे थोडे बर्फ वितळवले आणि त्यातून झालेला राखेच्या चिखलाचा लोंढा, म्हणजे लाहार, सुमारे अडीच तासांनी आर्मेरो गावाला पोहोचला. धोक्याचा नकाशा आधीच तयार होता. सुमारे २३,००० माणसे गेली. या मॉडेलला मी सगळ्यात पुढची जागा देणार आहे.

१४ मे

पाट्या. ‘जागृत, निद्रिस्त, मृत’ असे रकाने आधी केले होते, ते काढून टाकले. पिनातुबो १९९१ आधी सुमारे ५०० वर्षे गप्प होता आणि जंगलाने झाकलेला होता. त्याच्या उद्रेकाने जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने खाली आणले. आता पाटीवर शेवटच्या उद्रेकाचे साल आणि उतारांचा कोन एवढेच.

ज्यांना हे करायचे त्यांच्यासाठी: सर्वांत जास्त पैसा प्लास्टर आणि ॲक्रिलिकमध्ये जातो, सर्वांत जास्त वेळ सुकण्यात. अर्धा डोंगर काचेला लावून केला तर दोन्ही निम्मे होतात. जिलेटिन आदल्या रात्री लावा, मिठाची टाकी त्याच दिवशी सकाळी भरा. रात्रभर ठेवली तर थरांची सीमा पुसट होते आणि छत्री नीट उघडत नाही. सिंडर शंकूचे खडे चाळून पुन्हा वापरता येतात, तेवढे प्लास्टर लागण्याआधी वेगळे काढून ठेवा.